जानेवारीतला ओढा, कमी पाणी आणि कायाक

इंदूरच्या लोकमान्यनगरातल्या एका मुलीने विचारलं आहे : "काका, आम्ही चौघं संक्रांतीच्या सुमारास उत्तरकाशीला जातोय. असी गंगेवर, संगमचट्टीहून खाली गंगोरीपर्यंत कायाक चालवायचा विचार आहे. महेश्वरला सहस्रधारेवर दोन हिवाळे सराव झालाय, रोल (उलटलेली बोट आत बसूनच पुन्हा सरळ करणं) चांगला बसलाय. जानेवारीत पाणी अगदी कमी असतं असं कळलं. म्हणजे पहिला डोंगरी ओढा करायला हाच काळ बरा ना? आणि थंडीसाठी काय काय घ्यावं?"

थंडीचं नंतर सांगतो. आधी तुझ्या त्या "म्हणजे"बद्दल. पाणी कमी म्हणजे काम सोपं, हा समज घेऊन तुम्ही तिथे पोचलात तर मला काळजी वाटेल. मी वीसेक वर्षं हिमालयातल्या नद्यांवर कायाक चालवतो आहे, त्यातले बरेच हिवाळे गढवालमध्ये गेले. माझ्या डोळ्यांदेखत जे वाईट प्रसंग घडले, त्यातले निम्म्याहून जास्त गुडघाभर ते कमरेइतक्या पाण्यात घडले.

तुझं म्हणणं अर्धं बरोबर आहे. गढवालच्या नद्या उन्हाळ्यात बर्फाच्या पाण्याने आणि मग पावसाने फुगतात. ऑक्टोबरनंतर वरचं बर्फ वितळणं जवळजवळ थांबतं आणि जानेवारीत ओढ्यात मुख्यतः डोंगरातून झिरपलेलं पाणी उरतं. ते स्वच्छ असतं, हिरवट दिसतं आणि दिवसभर एकाच पातळीवर राहतं. मे-जूनसारखं दुपारनंतर चढत नाही. जोर कमी असतो, त्यामुळे बोटीतून बाहेर पडलीस तरी फार लांब वाहत जाणार नाहीस.

पण भरल्या ओढ्यात जे धोंडे तीन-चार फूट पाण्याखाली असतात आणि पाणी ज्यांच्यावरून जातं, तेच धोंडे आता डोकं वर काढतात. पाणी त्यांच्यावरून जायचं सोडून त्यांच्यामधून आणि खालून जायला लागतं. चहा गाळताना काय होतं? पाणी निघून जातं, चोथा गाळणीत राहतो. ओढ्यातल्या अशा जागेला कायाकवाले 'सीव्ह' म्हणतात, मी सरळ गाळणीच म्हणतो. वरून पाहिलं तर तिथे फेस नसतो, आवाज नसतो, मोठी लाट नसते. पाणी शांतपणे दोन धोंड्यांपाशी जातं आणि पलीकडे जितकं यायला हवं तितकं येत नाही. बाकीचं कुठे गेलं? खाली. त्या वाटेने बोट जात नाही, माणूसही जात नाही.

आता तुमच्या सरावाच्या जागेकडे बघ. सहस्रधारेचा काळा कातळ म्हणजे दख्खनच्या लाव्ह्याचा एकसंध थर. नर्मदा त्यात घळी कोरून शेकडो धारांनी वाहते. सहस्रार्जुनाने हजार हातांनी नदी अडवली आणि ती त्याच्या बोटांमधून निसटली ही गोष्ट महेश्वरचा प्रत्येक केवट सांगतो, आणि जागा पाहिली की ती पटते. पण कायाकच्या दृष्टीने महत्त्वाचं असं की तिथली धार उघड्यावरून जाते आणि उघड्यावरच बाहेर पडते. कातळ जागचा हलत नाही. गेल्या वर्षी जी वाट होती ती यंदाही आहे. म्हणून तर २०२३ च्या जानेवारी-फेब्रुवारीत मध्य प्रदेशात झालेल्या खेलो इंडिया युवा स्पर्धांची कनू स्लालम (खळाळावर टांगलेल्या दरवाजांमधून बोट काढायची शर्यत) तिथे घेता आली. दोन हिवाळे तिथे घालवल्यावर तुझ्या डोळ्यांना एक सवय लागली असणार : जिथे पाणी जातं तिथून मीही जाईन.

गढवालच्या ओढ्यात ही सवय जीवावर बेतते. तिथलं पात्र सुट्या धोंड्यांचं आहे. असी गंगेत तर ऑगस्ट २०१२ मध्ये असा पूर आला की गंगोरीचा पूल वाहून गेला. पूर धोंडे आणतो, रचतो, पुढचा पूर पुन्हा नव्याने रचतो. त्यामुळे त्या आधीचं कोणाचं वर्णन, कोणाचा व्हिडिओ, कोणी सांगितलेली "डावीकडून जा" ही सूचना, काहीच धरून चालू नकोस. दोन पावसाळ्यांपूर्वीच्या वर्णनावरही मी विसंबत नाही. शिवाय पूर येऊन गेलेल्या कोणत्याही ओढ्यात जुन्या पुलांच्या सळ्या, तारा, झाडांचे बुंधे धोंड्यांत अडकलेले असू शकतात. आडवं पडलेलं झाड हीसुद्धा गाळणीच.

तुला माझा एक प्रसंग सांगतो, कारण त्यात कमी पाणी आणि थंडी दोन्ही एकत्र आहेत.

बारा वर्षं झाली. भागीरथीला मिळणारा एक लहान ओढा, जानेवारी महिना, दुपारचे तीन. ऊन दरीतून निघून गेलं होतं. पाणी गुडघ्याच्या जरा वर. माझी बोट दोन धोंड्यांच्या मधे पोटावर टेकली आणि थांबली. अशा वेळी कंबर हलवत, हातांनी धोंड्यांना रेटत बोट सुटेपर्यंत तिच्यातच बसायचं असतं. मी कंटाळलो. स्कर्ट, म्हणजे बोटीचं तोंड बंद करणारं कमरेभोवतीचं आवरण, सोडला आणि उतरून बोट ओढू म्हणून पाय पाण्यात टाकला. स्वच्छ पाण्यात तळ असतो त्याहून वर दिसतो, चार फूट खोल असेल तर तीन फूट वाटतो. पाय अपेक्षेपेक्षा खोल गेला आणि दोन गोट्यांच्या फटीत घोट्यापर्यंत बसला. वजन निघाल्यामुळे बोट सुटली आणि तिने मागून गुडघ्याच्या वळणावर धक्का दिला. मी पालथा पडलो.

पाय जागच्या जागी अडकलेला आणि पाणी पाठीवरून रेटतंय, अशा वेळी गुडघाभर पाणी माणसाला उठू देत नाही. मी दोन्ही हात तळाला टेकून तोंड वर काढत होतो, दर खेपेला एक श्वास मिळत होता. पुढे होते ते दोघे मित्र परत धावत आले. त्यांनी अचूक गोष्ट केली : दोघं दोन काठांवर गेले, दोरी ओढ्याच्या आरपार धरली आणि खालच्या बाजूने वर आणत माझ्या छातीखाली ताणली. त्या दोरीवर अंग टाकल्यावर डोकं पाण्याबाहेर राहिलं. मग त्यांनी दोरी वरच्या अंगाला, म्हणजे पाय जसा आत गेला त्याच्या उलट दिशेला ओढली आणि पाय निघाला. सगळं मिळून चारपाच मिनिटं गेली असतील.

त्यानंतरचं मला नीट आठवत नाही, त्यांनी सांगितलेलं आठवतं. माझी बोटं लाइफ जॅकेटची बकल उघडू शकत नव्हती. गाडी कुठे लावली आहे विचारलं तर उत्तर यायला वेळ लागत होता. कोरडे कपडे होते, पण ते गाडीत, वर रस्त्यावर, आणि रस्ता पाऊण तासाच्या चढावर. माझ्या पायाची दोन बोटं पुढचे तीन आठवडे बधिर होती. मी जिवंत आहे तो त्या दोघांनी दोरीचा तो सराव आधी केलेला होता म्हणून.

यातून तुमच्यासाठी पहिला नियम निघतो आणि तो मोडायचा नाही. वाहत्या पाण्यात गुडघ्यापेक्षा जास्त खोलीत उभं राहायचं नाही. बोटीतून पडलीस तर पाठीवर, पाय वर आणि प्रवाह जातो त्या दिशेला, कंबर उचललेली. ढुंगण आपटेल, आपटू दे. काठाजवळ पाणी संथ झालं, हात तळाला टेकायला लागले, की रांगत बाहेर ये. कमी पाण्यात उभं राहण्याचा मोह फार होतो, कारण काठ तीन पावलांवर दिसत असतो. आणि माझ्यासाठी वापरलेला तो दोरीचा डाव चौघांनीही महेश्वरला दहा वेळा करून पाहिल्याशिवाय निघू नका.

आता थंडी. इंदूरला पारा आठावर आला की आपण थंडी म्हणतो, पण ती हवेची. पाणी अंगातली उष्णता हवेच्या सुमारे पंचवीस पट वेगाने वाहून नेतं. महेश्वरची नर्मदा जानेवारीतही मोठ्या धरणांतून येते, पहाटे तिच्यावर वाफ दिसते ती पाणी हवेपेक्षा उबदार असतं म्हणून. असी गंगेचं पाणी त्या दिवसांत एक आकडी तापमानाचं असतं असं धरून चाल. दोन्हीला आपण थंड पाणीच म्हणतो, पण शरीराला त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

कॅनडातले डॉ. गॉर्डन गीसब्रेख्ट यांनी बर्फगार पाण्यासाठी एक सोपा हिशेब दिला आहे : १-१०-१. पहिलं एक मिनिट श्वासाचं. पाण्यात पडताच आपोआप मोठा हुंदका येतो आणि धाप लागते. तो हुंदका तोंड पाण्याखाली असताना आला तर पाणी छातीत जातं. पुढची दहा मिनिटं हातापायांची, तेवढा वेळच बोटं आणि दंड कामाचे असतात. आणि साधारण एक तासाने शरीर आतून इतकं थंड होतं की शुद्ध जाते. लोक घाबरतात त्या एका तासाला. ओढ्यावर माणूस अडचणीत येतो तो पहिल्या एका मिनिटात आणि पुढच्या दहात. उलटी झालीस, हुंदका आला, रोल चुकला, दुसरा रोल करायला श्वास नाही, स्कर्टची दोरी पकडायला बोटं नाहीत : एवढ्यात दीड मिनिट संपतं.

एक गोष्ट फारसं कोणी सांगत नाही. गार पाणी कानात शिरलं की तोल सांभाळणारी कानातली यंत्रणा गडबडते आणि डोकं गरगरतं. उलट्या बोटीत वर कुठे, खाली कुठे हेच कळेनासं होतं. महेश्वरला शंभरातले शंभर रोल बसणारी माणसंही हिमालयात पहिल्या दिवशी चुकतात, त्याचं हे एक मोठं कारण आहे. साधे कानबोळे घाल, हेल्मेटखाली पातळ निओप्रीनची टोपी घाल. जे वर्षानुवर्षं गार पाण्यात असतात त्यांच्या कानात हाड वाढून नळी अरुंद होते, म्हणून कानबोळ्यांची सवय आत्ताच लागलेली बरी.

पहिल्या हुंदक्यावर मात्र उपाय आहे, आणि तो फुकट आहे. इंग्लंडमधल्या पोर्टस्मथ विद्यापीठातले माइक टिप्टन यांचं काम सांगतं की दोन-तीन मिनिटं गार पाण्यात बुडण्याचा अनुभव पाच-सहा वेळा घेतला तरी तो धक्का जवळपास निम्म्यावर येतो, आणि ही सवय बरेच महिने टिकते. निघायच्या आधी दोन आठवडे पहाटे गार पाण्याने आंघोळ करा. इंदूरच्या नळाला येतं तेही नर्मदेचंच, जलूदहून डोंगर चढवून आणलेलं. रात्रभर गच्चीवर बादल्या भरून ठेवल्या की पहाटे ते पुरेसं गार होतं. पाणी अंगावर पडताच श्वास रोखायचा नाही. तोंडाने सावकाश बाहेर सोडायचा, आतला आपोआप येतो. चौघांपैकी कोणाला हृदयाचा किंवा रक्तदाबाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

कपड्यांचं थोडक्यात सांगतो. असी गंगेसारख्या ओढ्यावर जानेवारीत ड्रायसूट, म्हणजे आत पाणी येऊ न देणारा अंगभर सूट हवा. त्याच्या आत लोकरीचा किंवा फ्लीसचा थर. सुती बनियन अजिबात नको, ते घामाने भिजतं आणि गार पडतं. ऋषिकेशला भाड्याने मिळणारे आखूड वेटसूट राफ्टमध्ये बसणाऱ्या पाहुण्यांसाठी असतात, त्यावर ओढ्यात उतरू नका. ड्रायसूट जमत नसेल तर तीन मिलिमीटरचा पूर्ण लांबीचा वेटसूट आणि वर मानेला-मनगटाला घट्ट बसणारं ड्रायटॉप, आणि मग पाण्यातला वेळ निम्मा करा. ड्रायसूट घातल्यावर उकिडवं बसून मानेची सील जरा उघडून आतली हवा काढायची, नाहीतर पाण्यात फुग्यासारखं तरंगायला होतं. आणि चौघांनी एकमेकांच्या चेन तपासायच्या. चेन उघडी राहून सूट पाण्याने भरलेला मी दोनदा पाहिला आहे, दोन्ही वेळा माणूस अनुभवी होता. कमी पाण्यात धोंड्यांवरून बरंच घसरत, रांगत जावं लागतं, त्यात सूट बसायच्या जागी आणि गुडघ्यांवर झिजून भोकं पडतात. वरून एक जुनी जाड हाफ पँट घाला. हातांसाठी पॅडलच्या दांड्यावर बसणारे पोगी मला मोज्यांपेक्षा आवडतात, आत उघड्या हाताने दांडा धरता येतो. पण दोरीचं काम आलं की हात उघडे पडतात, म्हणून मोजेही जॅकेटच्या खिशात हवेत.

बूट चांगल्या पकडीचे घ्या. सकाळी सावलीतल्या धोंड्यांवर तुषार गोठून काचेसारखा पातळ थर झालेला असतो आणि तो दिसत नाही. पुढची वाट बघायला काठावरून चालताना किंवा बोट खांद्यावर नेताना घसरून मनगट मोडणं, हे पाण्यातल्या अपघातापेक्षा जास्त वेळा होतं.

बोटीबद्दल. तुमची स्लालमची बोट तिकडे नेऊ नका. साडेतीन मीटर लांब, टोकदार, कार्बन फायबरची ती बोट दरवाजांमधून वळायला बनवलेली आहे. धोंड्यावर एकदा आपटली की तडा जाईल, आणि लांब टोकदार नाक फटीत जाऊन बसेल. तिकडे जाड प्लॅस्टिकची, बोथट नाकाची, वर उचललेल्या तळाची क्रीक बोट लागते. पाय टेकायची पट्टी पूर्ण रुंदीची आणि मऊ फोम लावलेली बघून घ्या. का ते आता येईलच.

कमी पाण्यात बोट चालवण्याचं तंत्रही बदलतं. तुम्हाला बूफ शिकवला असेल : लहान धबधब्याच्या कडेवर जोरात पॅडल मारून नाक वर ठेवायचं आणि खालच्या पाण्यावर सपाट उतरायचं. भरल्या पाण्यात नाक खाली गेलं तर बोट डोहात बुडी मारून वर येते. कमी पाण्यात तो डोहच नसतो. नाक सरळ दगडावर आपटतं, बोट जागच्या जागी थांबते आणि तुझं सगळं वजन घोट्यांवर येतं. घोटे मोडतात. उलट फार सपाट उतरलीस आणि खाली हातभर पाणी असलं तर मार पाठीच्या मणक्यांना बसतो. म्हणून कमी पाण्यात कोणत्याही उडीच्या आधी उतरून, खाली जाऊन, पॅडल उभं बुडवून खोली मोजायची. पॅडल पूर्ण बुडलं नाही तर बोट खांद्यावर. चर्चा करायची नाही.

आडवी वाहत जाऊन धोंड्याला टेकलीस तर धोंड्याकडे झुक. त्याला मिठी मारतेस असं समज. सगळं अंग उलट्या बाजूला पळायला सांगतं आणि त्या बाजूला झुकलीस की वरून येणारं पाणी बोटीची कड पकडून तिला उलटी करतं आणि धोंड्यावर घडी करून दाबतं. हे प्रतिक्षिप्त व्हायला हवं. सहस्रधारेत एखाद्या गोल कातळावर मुद्दाम पन्नास वेळा टेकून बघ.

रोल पुढे वाकूनच. तुमच्यात काही जण मागे पाठीवर आडवं होत रोल संपवतात, मी पाहिलं आहे. खोल डोहात ते चालतं. उथळ पाण्यात चेहरा आणि गळा तळाच्या धोंड्यांसमोर उघडा पडतो. उलटी होताक्षणी कपाळ डेकला, म्हणजे बोटीच्या वरच्या अंगाला टेकव, कोपर आत घे, मार हेल्मेटला आणि लाइफ जॅकेटच्या पाठीला बसू दे, आणि तिथूनच पुढे वाकलेल्या स्थितीत वर ये. तोंड झाकणारं हेल्मेट आणि कोपरांची पॅडं मी थंडीतल्या ओढ्यावर कधीच विसरत नाही.

पॅडलचे वार आखूड आणि उभे ठेव. लांब फटका मारायला गेलीस की पातं धोंड्यांमध्ये अडकतं आणि खांदा निखळतो. पाणी वाचायचं ते एका एडीपुरतं. एडी म्हणजे धोंड्यामागची निवांत, उलटं फिरणाऱ्या पाण्याची जागा. तिथून पुढची एडी दिसत नसेल तर बोटीतून उतर आणि चालत बघ. एक जण हलतो, बाकीचे तिघं बघतात. पॅडल उभं म्हणजे ये, आडवं म्हणजे थांब, तिरकं म्हणजे त्या बाजूने ये. हाताचं बोट किंवा पॅडल नेहमी सुरक्षित बाजूकडे दाखवायचं, धोक्याकडे कधीच नाही. खळाळात दुरून फक्त दिशा कळते, कारण कळत नाही. शिट्टी तीनदा वाजली की सगळं सोडून तिकडे.

दोरीची पिशवी पंधरा-वीस मीटरची, प्रत्येकाकडे एक. ओली दोरी उघड्यावर राहिली तर कडक होऊन फेकता येत नाही. वापरली की लगेच भरून बोटीत आत ठेवा.

वेळेचं गणित थंडीत फार कडक असतं. त्या दरीत जानेवारीत ऊन यायला दहा-अकरा वाजतात आणि तीनच्या सुमारास ते काठावरूनही जातं. सूर्यास्त साडेपाच-पावणेसहाला, पण दरीतला उजेड त्याच्या आधीच मावळतो. अकराला पाण्यात, दोनला बाहेर. दोन वाजले की जिथे असाल तिथून वर रस्त्यावर चढायचं. दुपारी पश्चिमेकडून ढग दाटायला लागले तर त्याही आधी, कारण हिवाळ्यातल्या पश्चिमी झंझावाताने खाली पाऊस आणि वर बर्फ पडतं, आणि ओल्या वाऱ्यात बाहेर आलेला माणूस पाण्यातल्यापेक्षा बरा राहतोच असं नाही.

ओढा भागीरथीला मिळून संपतो तिथे, गंगोरीला, आणखी एक लक्षात ठेवायचं. वर मनेरीला भागीरथीचं पाणी बोगद्यातून तिळोथच्या वीजगृहाकडे वळवलेलं असतं, त्यामुळे हिवाळ्यात तिथलं पात्र अर्धं रिकामं दिसतं. वरून पाणी सोडलं तर ते तुला विचारून येणार नाही. आपल्या माळव्यातल्या माणसांना हे समजावून सांगायला नको. एप्रिल २००५ मध्ये धाराजीला भूतडी अमावास्येच्या जत्रेत नर्मदेचं धरणातून सुटलेलं पाणी एकाएकी चढलं आणि कितीतरी यात्रेकरू वाहून गेले. पात्रात बसून डबा खायचा नाही, बोटी पात्रात ठेवून फोटो काढायला जायचं नाही. कोलाडला कुंडलिकेवर वीजगृहातून सुटलेल्या पाण्यावरच सगळा खेळ चालतो, तिथले लोक पाणी सुटायच्या वेळा आधी विचारतात. तसं इथेही स्थानिकांना विचारा.

थंडी वाजून कोणी अडचणीत आला तर काय करायचं, हे चौघांनाही तोंडपाठ हवं. कुडकुडणं ही चांगली खूण आहे, शरीर झगडत असतं. बोलणं जड होणं, पाय अडखळणं, साधी बकल न उघडणं, "मी ठीक आहे" असं चिडून सांगणं, ही पुढची पायरी. आणि अंग गार असताना कुडकुडणं थांबलं तर ती वाईट खूण : शरीराचं आतलं तापमान ३२ अंशांच्या आसपास किंवा खाली गेलेलं असतं. अशा माणसाला चालवायचं नाही, उठवून पळवायचं नाही, हातपाय चोळायचे नाहीत. हातापायांतलं गार रक्त एकदम हृदयाकडे येऊ द्यायचं नाही. आडवं ठेवा, वाऱ्याच्या आड न्या, ओले कपडे काढून कोरडे चढवा, खाली बोटीतला फोम किंवा चटई घाला, ऊब छातीला आणि काखेत द्या. पूर्ण शुद्धीवर असेल आणि गिळता येत असेल तरच गोड, कोमट प्यायला द्या. दारू अजिबात नाही, कोणी गावातून प्रेमाने आणून दिली तरी. आणि मदत ताबडतोब बोलवा. कोरड्या कपड्यांची एक बंद पिशवी आणि एक थर्मास चौघांपैकी एकाच्या बोटीत असलाच पाहिजे. गाडीत ठेवलेल्या कपड्यांचा उपयोग किती होतो ते वर सांगितलंच. खायला डिंकाचे लाडू, गूळ-शेंगदाणे, तीळगूळ. अंग तापायला इंधन लागतं आणि थंडीत भूक कळत नाही, म्हणून दर तासाला खायचं, भूक असो नसो.

तर मग तुम्ही काय करावं? माझं मत असं. आधी ऋषिकेशला उतरा आणि तीन-चार दिवस गंगेवर ब्यासी ते शिवपुरी करा. हिवाळ्यात तिथेही पाणी उतरलेलं असतं, पण नदी मोठी आहे, खोल आहे, खळाळांमध्ये लांब संथ डोह आहेत. थ्री ब्लाइंड माइससारख्या खळाळात उलटी झालीस तरी तळाला डोकं आपटायची भीती कमी. तिथे थंडीची परीक्षा द्या : किती वेळाने बोटं काम सोडतात, रोल कितीव्या खेपेला चुकतो, कोण आधी गप्प होतं. सूट गळतो का ते तिथेच कळेल. द वॉल नावाचा मोठा खळाळ मात्र काठावरून बघून सोडून द्या.

मग उत्तरकाशीला जा. पहिला अख्खा दिवस बोटी गाडीवरून उतरवायच्याच नाहीत. गंगोरीहून संगमचट्टीकडे रस्ता ओढ्याच्या बाजूने जातो, पण रस्त्यावरून दिसतं ते पुरेसं नाही, काठाने चाला. प्रत्येक उतारावर थांबून एकच प्रश्न विचारा : इथे आत गेलेलं पाणी कुठून बाहेर येतंय ते मला दिसतंय का? दिसत नसेल तर ती जागा वगळा. अशा वगळलेल्या जागा सोडून जो एखाददुसऱ्या किलोमीटरचा सलग तुकडा उरेल, तेवढाच दुसऱ्या दिवशी करा. जानेवारीत सगळा टप्पा करायचा हट्ट धरलात तर निम्मा वेळ बोटी खांद्यावर असतील, दमाल, आणि दुपारी तीनला दमलेले, गारठलेले असताना ओढ्यात असाल. मला ते नको आहे. सगळा ओढा बघायचाच असेल तर पावसाळा ओसरल्यावर, ऑक्टोबरच्या शेवटी पुन्हा जा. पाणी जरा जास्त असतं, धोंडे झाकलेले असतात, आणि ऊनही बरंच असतं. एकही तुकडा मनासारखा सापडला नाही तर डोडीतालच्या वाटेने चालून या, त्याच खोऱ्यात आहे आणि ओढा वरून कसा येतो ते कळेल. बर्फ कुठवर उतरलंय ते मात्र गावात विचारून मगच.

येत्या शनिवारी मी महेश्वरला जातोय. पहाटे पाचला राऊच्या चौकात चौघंही या, मानपूरच्या घाटात धुकं असतं म्हणून लवकर निघू. जलकोटीच्या बाजूने उतरून दोरीचा तो डाव करू, मग तू आणि तुझे मित्र प्रत्येकी सहा वेळा बोटीतून बाहेर पडाल, दोन मिनिटं पाण्यात राहाल आणि मोजे घातलेल्या हातांनी एकमेकांची बकलं उघडाल. मी घड्याळ लावून बसेन. कानबोळे आणि जुनी हाफ पँट आण, क्रीक बोट माझ्याकडे एक आहे ती टपावर बांधतो. आईला सांग, डबा नको, सुंठीचा चहा मात्र मोठ्या थर्मासमध्ये भरून दे.